स्क्रीनचं तोंड कुणाकडे?

गेल्या महिन्यात आमच्या केंद्राची शिक्षण परिषद झाली. जेवणानंतरच्या सत्रात मोबाईलचा विषय निघाला. एका गावच्या पालकांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत तक्रार केली होती, की गुरुजी वर्गात सारखे मोबाईलमध्ये असतात, पोरांकडे बघत नाहीत. केंद्रप्रमुखांनी शाळेचं नाव न घेता ती वाचून दाखवली. लगेच एक ज्येष्ठ सहकारी उठले. संघटनेत उभी हयात घालवलेले सर, बोलायला खणखणीत. म्हणाले, "मोबाईल हे आमचं दप्तर आहे. तो आम्ही हौसेनं वर्गात आणलेला नाही, शासनानं आमच्या हातात दिलाय. आम्ही मोबाईलमध्ये नाही, शासनाच्या कामात डोकं घालून बसतो. ज्यांना ते खुपतं त्यांनी आधी ही कामं काढून घ्यावीत, मग आमच्याकडे बोट दाखवावं." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

परतताना एसटीच्या खिडकीशी बसले आणि त्या टाळ्या मला टोचायला लागल्या. सर बोलले त्यातलं निम्मं खरं होतं. पण ते निम्मं इतक्या जोरात बोललं गेलं की उरलेलं निम्मं त्याखाली झाकलं गेलं, आणि हे मला टाळ्या वाजवतानाच कळत होतं. मी तेवीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवते. शाळा द्विशिक्षकी आहे, पहिली-दुसरीचा जोडवर्ग माझ्याकडे असतो. सरांविषयी मला आदर आहे; आमच्यासारख्या आडवळणाच्या शाळांसाठी ते पंचायत समितीत जाऊन भांडलेत. पण सर, या बाबतीत तुम्ही चुकताय, आणि त्या चुकीला टाळी देऊन मीही चुकले. त्या दिवशी तोंड उघडलं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

आधी जे खरं आहे ते पूर्ण मान्य करते. परिपाठ चालू असतो, प्रतिज्ञा अर्ध्यावर आलेली असते आणि पिशवीतला फोन थरथरतो. 'आजची उपस्थिती तात्काळ भरा.' अर्ध्या तासानं, 'खालील शाळांनी अद्याप माहिती भरलेली नाही,' आणि खाली यादी, त्यात आपल्या शाळेचं नाव, साऱ्या तालुक्यासमोर. २०१५ पासून सरल आहे, मग यू-डायस प्लस आलं, २०२३ पासून चॅटबॉटवर हजेरी आली. पोषण आहाराची संख्या रोज भरायची. अपार आयडी काढायचे, तर आधार कार्डावरच्या नावातली वेलांटी जनरल रजिस्टरशी जुळत नाही म्हणून चार मुलं अडकलेली. 'एक पेड माँ के नाम'साठी आईसोबत, झाडासोबत मुलाचा फोटो. महावाचनाचे फोटो. उल्लासच्या निरक्षरांची नोंद. लिंक भरली की तिचा स्क्रीनशॉट टाकायचा. आणि ज्याची माहितीच नाही त्याचीही 'निरंक' माहिती कळवायची. हे सगळं दोन माणसांनी, चार इयत्ता शिकवता शिकवता.

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकाला शिकवण्याबाहेरची फक्त तीन कामं देता येतात: दर दहा वर्षांची जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका. ऑगस्ट २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागानं शैक्षणिक काम कोणतं आणि अशैक्षणिक कोणतं याची वर्गवारी करणारा निर्णयही काढला. ग्रुपवरचे मेसेज त्यानंतर कमी झाल्याचं मला तरी जाणवलं नाही. तेव्हा या कामांविरुद्ध भांडायचं असेल तर सरांच्या मागे पहिल्या रांगेत मी उभी राहीन.

पण सर, आपल्या हातातला फोन दिवसभरात जेवढा वेळ उजळलेला असतो, तो सगळा शासनाचा वेळ असतो का?

पोर्टल भरणाऱ्याचा अंगठा आणि रील बघणाऱ्याचा अंगठा वेगळा चालतो. पोर्टल भरणारा थांबत थांबत जातो. रजिस्टर उघडतो, आकडा शोधतो, चष्मा वर करतो, नेटवर्कच्या नावानं बोटं मोडतो. रील बघणाऱ्याचा अंगठा एका तालात खालून वर सरकत राहतो आणि चेहऱ्यावरचा उजेड क्षणाक्षणाला बदलतो. हा फरक आपल्याला कळतो, तसा पहिल्या रांगेत मांडी घालून बसलेल्या पोराला आपल्याआधी कळतो, कारण ते खालून आपल्या चेहऱ्याकडेच बघत असतं. वर्गात उघडले जाणारे ग्रुप कोणते असतात? भावकीचा असतो. डी.एड.च्या बॅचचा असतो. बदल्यांच्या अफवांचा असतो. कुणी शेअरचे भाव बघतं, कुणी मॅचचा स्कोअर, कुणी साड्यांचं लाइव्ह. माझ्यापुरतं सांगायचं तर माझा पाय बहिणींच्या ग्रुपमध्ये अडकतो. हे त्या सभागृहातल्या प्रत्येकाला माहीत होतं. तरीही आम्ही सगळ्यांनी 'शासनाचं काम' या दोन शब्दांखाली ते लपवलं.

आणि खरोखरच शासनाचं काम चालू असताना काय होतं, तेही सांगते. ते माझ्याच हातून झालं आहे.

जुलैचा महिना होता. बाहेर धो धो पाऊस, आणि रेंज फक्त खिडकीजवळच्या टेबलापाशी. मी पोषण आहाराची संख्या भरत होते. पान उघडत नव्हतं, नुसतं गोल फिरत होतं. दुसरीतली एक मुलगी टेबलाशी आली. एक मूठ घट्ट मिटलेली.

"बाई."

"हं."

"बाई, बघा ना."

"थांब गं, दोन मिनिटं."

ती थांबली. त्या वयाचं मूल बाईंची दोन मिनिटं खरी मानतं. पान उघडलं, मी संख्या टाकली, माहिती गेली. आणि त्याच ओघात, स्क्रीनच्या वरच्या बाजूनं घसरत आलेला बहिणीचा मेसेज मी उघडला. भाचीच्या बारशाचे फोटो होते. मान वर केली तेव्हा टेबलाशी कुणी नव्हतं.

मधल्या सुट्टीत सगळी खिचडीला गेली होती. तिची कंपासपेटी उघडी राहिली होती. आत वहीच्या कागदाची छोटी पुडी, तिच्यावर रक्ताचा एक बारीक ठिपका. पुडीत दात होता. तिचा पहिला पडलेला दात. मी तिला हाक मारली, जवळ घेतलं, विचारलं, "मला का नाही दाखवलास?" ती म्हणाली, "तुम्ही कामात होता." आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. नुसती माहिती दिल्यासारखं बोलली आणि ताट घेऊन पळाली. त्यानंतर आपणहून काहीतरी दाखवायला ती माझ्या टेबलाशी आली ती दिवाळीच्या सुट्टीनंतर.

सर, यात कुठवर शासन होतं आणि कुठून मी होते, ते तुम्हीच सांगा. पहिली दोन मिनिटं शासनाची होती, कबूल. पुढची पाच माझी होती. त्या दोघांमध्ये भिंत नव्हती, उंबरासुद्धा नव्हता. म्हणून 'मोबाईल हे आमचं दप्तर' हे वाक्य मला खोटं वाटतं. दप्तर मी पाहिलंय. नोकरीला लागले तेव्हा हजेरीपट, टाचणवही, जनरल रजिस्टर, खिचडीची नोंदवही, सगळं कागदावर होतं आणि तेही पुष्कळ होतं. पण हजेरीपट भरून मिटला की मिटला. त्याच्या पानांतून बहिणीचा मेसेज येत नव्हता. संख्या भरल्याबद्दल नोंदवही मला बक्षीस म्हणून बारशाचे फोटो दाखवत नव्हती. दप्तराला झाकण असतं. फोनला झाकण नाही, ते आपल्यालाच घालावं लागतं, आणि तेवढं एक काम कोणत्याही अधिकाऱ्यानं आपल्याकडून काढून घेतलेलं नाही.

शिवाय त्या मुलीच्या बाजूनं बघा. माझी मान शासनासाठी खाली होती की बहिणीसाठी, यानं तिला काय फरक पडला? तिला एवढंच दिसलं, की बाईंच्या हातात एक वस्तू आहे आणि आपल्या हातातल्या दातापेक्षा ती मोठी आहे. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड ट्रोनिक यांनी १९७० च्या दशकात तान्ह्या बाळांवर एक प्रयोग केला होता. आई बाळाशी हसतखेळत बोलते, मग थोडा वेळ चेहरा एकदम निर्विकार ठेवते. बाळ आधी हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं, आईला परत आणायची जेवढी म्हणून धडपड करता येईल तेवढी करतं. काहीच उपयोग होत नाही म्हटल्यावर मान वळवतं. आपल्या वर्गातली मुलं तान्ही नाहीत आणि आपण त्यांच्या आया नाही, हे मला कळतं. पण हाक मारून बघायचं, परत मारून बघायचं आणि मग मान वळवायची, हा क्रम मी माझ्या टेबलाशी पाहिलाय. मान वळवलेलं मूल त्रास देत नाही. ते गप्प बसतं. आणि गप्प बसलेल्या वर्गाला आपल्याकडे शिस्तीचा वर्ग म्हणतात.

'दोनच मिनिटं तर बघतो' हे या बचावातलं सगळ्यात साधं आणि सगळ्यात फसवं वाक्य आहे. मिनिटं राहू देत, सेकंदांचं बोलू. मेरी बड रो या विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक अमेरिकेतच, साधारण त्याच काळात, वर्गावर्गांत जाऊन शिक्षकांची बोलणी ध्वनिमुद्रित करत होत्या. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती वेळ थांबतात, हे त्यांना मोजायचं होतं. सरासरी निघाली जेमतेम एक सेकंद. मग त्यांनी शिक्षकांना निदान तीन सेकंद थांबायला शिकवलं. एवढ्यानं मुलांची उत्तरं लांबली, 'माहीत नाही' म्हणणारी कमी झाली, आणि एरवी तोंड न उघडणारी मुलं बोलायला लागली. सगळा फरक एक आणि तीन सेकंदांमधला.

ते तीन सेकंद कसे असतात हे शिकवणाऱ्या माणसाला सांगायला नको. फळ्यावर सतरा वजा नऊ लिहिलेलं असतं. एक पोर उभं असतं. बोटं चड्डीच्या शिलाईवर एकेक करून दाबली जात असतात, ओठ हलत असतात, डोळे छताकडे. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल काही चाललेलं नाही, आणि नेमकं त्याच वेळी सगळं चाललेलं असतं. त्या तीन सेकंदांत शिक्षकानं फक्त एक करायचं असतं, त्या पोराकडे बघत राहायचं. त्या नजरेच्या आधारावर ते मोजत राहतं. आता नेमका याच रिकाम्या जागेत आपला हात फोनकडे जातो. कारण पूर्वी जी वाट बघण्याची जागा होती, ती आता आपल्याला कंटाळ्याची वाटू लागली आहे. पोर छतावरून नजर खाली आणतं तर गुरुजींची मान खाली. मग ते "आठ" म्हणतं, पण हळू म्हणतं. गुरुजी म्हणतात, "काय? बस खाली." उत्तर बरोबर होतं.

मिनिटांचाच हिशोब हवा असेल तर तोही अवघड नाही. पहिली ते पाचवीसाठी कायद्यानं वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन ठरवून दिलंय. रोज नुसती पंधरा मिनिटं फोनमध्ये गेली तरी वर्षाचे पन्नास तास होतात. रोजचे चार तास धरले तर साडेबारा दिवस. साडेबारा दिवस मी बिनपगारी, विनापरवानगी गैरहजर राहिले तर मला नोटीस येईल, आणि यायलाच हवी. वर्गात बसून गैरहजर राहिले तर मस्टरवर सही असते.

आत्तापर्यंत मुलांचं बोलले. पण ही मान फक्त मुलांसमोर खाली नसते. आमची शिक्षकाची जात एका गोष्टीत कमनशिबी, की आपण दुसऱ्याच्या शाळेत पालक म्हणून क्वचित उभे राहतो. मी राहिले. माझा मुलगा नववीत होता. घटक चाचणीत गणितात नापास झाला. पण मला बोलायचं होतं ते वेगळंच. तो रात्र रात्र जागा असायचा, सकाळी शाळेचं नाव काढलं की पोटात दुखतंय म्हणायचा, आणि वर्गातल्या कुणाचं तरी नाव निघालं की विषय बदलायचा. अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकून मी त्याच्या वर्गशिक्षकांना भेटायला गेले. ते फोनवर काहीतरी टाइप करत होते. "बोला ना मॅडम, ऐकतोय." मी सुरुवात केली. "हं... हं." मी थांबले तर म्हणाले, "बोला बोला, माझं लक्ष आहे." लक्ष असेलही. पण माझ्या समोर त्यांच्या डोक्यावरचा भांग होता. रात्री न झोपणाऱ्या मुलाची गोष्ट भांगाला सांगता येत नाही. मी म्हटलं, "गणिताचं जरा बघा." ते म्हणाले, "बघू बघू, हुशार आहे तो." मी नमस्कार करून निघाले. जे सांगायला गेले होते ते सांगितलंच नाही. त्यानं नंतर स्वतःच सांगितलं, पण त्याला आणखी पाच महिने गेले, आणि ते पाच महिने त्यानं कसे काढले ते मला अजून पुरतं कळलेलं नाही.

परतीच्या वाटेवर मला आमच्या शाळेत येणाऱ्या आया आठवल्या. कांदा लागणीचा रोज बुडवून येतात, दारातच चप्पल काढतात, पदर सावरून उभ्या राहतात. मला निदान 'मॅडम' तरी म्हटलं गेलं होतं. त्यांच्या तोंडची अर्ध्यावर राहिलेली वाक्यं कितीतरी असतील, आणि त्यांतली काही माझ्या टेबलासमोर राहिलेली असणार.

परिषदेत आणखी एक मुद्दा निघाला होता, की मोबाईल हे शैक्षणिक साधन आहे, त्याला नावं ठेवणं म्हणजे मागं जाणं. याला माझं उत्तर साधं आहे: स्क्रीनचं तोंड कुणाकडे आहे ते बघा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पुस्तकाला क्यूआर कोड जोडले, २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, आपल्या सगळ्यांची मान उंचावली. त्या कोडमागची सगळी कल्पना अशी, की फोन मुलाच्या पुस्तकावर धरला जावा आणि त्यातून जे निघेल ते मुलानं बघावं, ऐकावं. मीही दीक्षावरची गाणी लावते. चिमणीचं घरटं दाखवायचं असलं की फोन उलटा धरते, सव्वीस डोकी त्यावर वाकतात, कुणाचा तरी कोपर माझ्या बरगडीत बसतो. तेव्हा फोन साधन असतो. स्क्रीन माझ्याकडे आणि पाठ मुलांकडे असेल, तर त्या पाठीवर शैक्षणिक काहीही नसतं.

'डॉक्टर बघतात, बँकेतले बघतात, मग फक्त शिक्षकच का?' यावर फार शब्द खर्च करत नाही. बँकेतल्या माणसानं दुर्लक्ष केलं तर गिऱ्हाईक काउंटरवर हात आपटतं, तक्रारवही मागतं. सहा वर्षांचं मूल तक्रारवही मागत नाही. ते 'बाई कामात आहेत' असं समजून घेतं.

आता दुसऱ्या बाजूशीही माझं भांडण आहे, नाहीतर माझं म्हणणं त्यांच्या हातातली काठी व्हायचं. परवा एका गावच्या पुढाऱ्यानं, आपल्याच फोनवर व्हिडिओ चालू ठेवून, वर्गात घुसून बाईंना 'मोबाईल दाखवा' म्हणून दरडावल्याचं ऐकलं. मुलांसमोर. त्या बाई चूक असतील किंवा नसतील. पण त्या दिवशी त्या वर्गातल्या मुलांनी जे पाहिलं ते एका मोबाईलनं दुसऱ्या मोबाईलवर घातलेली धाड होती, आणि त्या दोन्हींमध्ये त्यांच्याकडे बघणारं कुणी नव्हतं. झडत्या, कॅमेरे, गेटवर फोन जमा करायच्या पेट्या, हे उपाय मला मान्य नाहीत. डोंगरातल्या शाळेत एखाद्या मुलाला विंचू चावला तर पहिला फोन बाईंनाच करावा लागतो. शिवाय धाकानं फोन खाली ठेवला तर मान वर येईल याची खात्री नाही. माणूस खिडकीबाहेर बघत बसेल. जगभर चर्चा चालते ती मुलांच्या फोनबंदीची. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालात म्हटलं होतं, की चारातल्या एकापेक्षाही कमी देशांनी शाळेत स्मार्टफोनवर बंदी घातली आहे. मोठ्यांच्या मानेवर बंदी घालणारा कायदा कुठेच होणार नाही. ती आपली आपणच उचलायची आहे, म्हणून तर मी हे सहकाऱ्यांना उद्देशून लिहिते आहे.

आणि ती आपल्याला उचलता येते. सप्टेंबर २०२४ आठवा. वीस किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांत कंत्राटी शिक्षक नेमायचा निर्णय आला. आपण काळ्या फिती लावल्या, २५ तारखेला सामूहिक रजा टाकली, आणि त्या आंदोलनाचा भाग म्हणून प्रशासनाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडलो. मीही पडले. तो लढा योग्य होता, आजही तसंच म्हणेन. वाड्या-वस्त्यांवरच्या शाळा त्यात पणाला लागल्या होत्या. पण तेव्हा एक गोष्ट सिद्ध झाली, की ग्रुप सोडता येतो. एक बोट दाबलं की सुटतो. आभाळ कोसळलं नाही, शाळा चालल्या, खिचडी शिजली. मग सर, आपल्या पदांसाठी जो ग्रुप आपण कायमचा सोडायची तयारी दाखवली, तो एका मुलाच्या वजाबाकीसाठी चाळीस मिनिटं का सोडता येऊ नये? त्या परिषदेत ठराव व्हायला हवा होता तो हा: शाळेच्या तासांत ग्रुपवर माहिती मागू नये, मागितली तर सुट्टीनंतर देऊ, आणि वर्गात फोन आम्ही स्वतः दूर ठेवू. यातला शेवटचा भाग आपण बोललो असतो तर पहिले दोन मागायला तोंड राहिलं असतं. आपण फक्त पहिला मागतो आणि शेवटच्याचं नाव आलं की टाळ्या वाजवतो. म्हणून आपलं कुणी ऐकत नाही. पालक आपल्या बाजूनं उभे राहत नाहीत, कारण त्यांनी खिडकीतून आपला अंगठा पाहिलेला असतो.

१९४५ साली ताराबाई मोडकांनी बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, पुढे काम कोसबाडला गेलं. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर त्या बालवाडीच पाड्यावर, अंगणात घेऊन गेल्या. गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात शाळा भरवली. मूल जिथे असेल तिथे जायचं, ही आपल्या पेशाची मळवाट आहे. आपलं मूल तर टेबलापासून दोन हातांवर उभं असतं.

आमच्या शाळेत आम्ही काय करतो ते सांगते, फार मोठं काही नाही. मुख्याध्यापक आणि मी, दोघांनी दाताच्या त्या प्रसंगानंतर ठरवलं. दोघांचे फोन ऑफिसातल्या लोखंडी कपाटावर, आवाज चालू ठेवून. वाजला तर कळतो, कारण घरी म्हातारी माणसं आहेत. मेसेज मात्र मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटल्यावरच बघायचे. पहिला आठवडा माझा हात रिकाम्या टेबलावर जाऊन परत यायचा. फळ्याकडे वळले की पाठीमागे काहीतरी राहिल्यासारखं वाटायचं. मग हळूहळू वर्गातले आवाज वेगळे ऐकू यायला लागले. कोण वाचताना 'क्ष'ला अडखळतं, कोण शेजाऱ्याचं उत्तर पुटपुटतं. आपल्याला तेवीस वर्षांचा अनुभव आहे असं मी समजत होते, त्यातली शेवटची काही वर्षं कुणाच्या खाती गेली याची मला लाज वाटली. अजून चुकते. निवडणुकीच्या याद्यांच्या दिवसांत आमचा नियम दोनदा मोडला.

मागच्या महिन्यात मुख्याध्यापकांना तालुक्यावरून फोन आला. कपाटावरचा फोन खणखणला, सर तिसरी-चौथीच्या वर्गातून धावत आले, मी दारातून ऐकत होते. पलीकडचा आवाज चढलेला होता. सकाळी नऊला ग्रुपवर टाकलेली लिंक अजून भरलेली नाही, यादीत फक्त तुमची शाळा राहिली आहे, मेसेज बघितला नाही का?

सर म्हणाले, "नाही साहेब. वर्गात होतो."

पलीकडे काही वेळ काहीच आवाज आला नाही.

"बरं," ते म्हणाले. "शाळा सुटल्यावर भरा."